घराची भिंत आणि हद्दीची रेषा : सामासिक अंतराच्या अडचणी कशा सोडवाव्यात

नवे घर बांधायला निघालेल्या माणसाला आपल्या भूखंडाचे क्षेत्रफळ तोंडपाठ असते. मात्र त्यातला किती भाग मोकळाच ठेवावा लागणार आहे, हे त्याला पुष्कळदा नकाशा नामंजूर होऊन परत आल्यावरच कळते. भूखंडाची हद्द आणि घराची भिंत यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी सोडणे स्थानिक नियोजन प्राधिकरण, म्हणजे नगरपरिषद, महानगरपालिका किंवा जिथे जे मंडळ असेल ते, बंधनकारक करते, तिला नियमावलीच्या मराठीत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. बांधकामाच्या जागेवर मात्र सगळे ‘मार्जिन’ किंवा ‘सेटबॅक’ असेच म्हणतात. वहीच्या पानावर सोडतात तसाच हा जमिनीवरचा समास आहे. ही पट्टी आपल्या मालकीची असते, तिच्यासाठी पैसे आपण मोजलेले असतात आणि तिचा करही आपणच भरतो, तरी तिच्यावर भिंत उभी करता येत नाही. त्यामुळे या नियमाबद्दल मालकाच्या मनात अढी बसली तर त्यात नवल नाही.

तरीही या विषयातले वाद नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. सामासिक अंतर म्हणजे दोन रेषांमधले अंतर, आणि भांडण अंतराच्या आकड्यावरून क्वचितच होते. ते होते त्या दोन रेषा नेमक्या कोणत्या यावरून. नियमात तीन मीटर लिहिले असतील, तर ते तीनच आहेत, त्यात दुमत नसते. पण ते कुठून मोजायचे आणि कुठपर्यंत मोजायचे, याचे उत्तर मालक एक देतो, आर्किटेक्ट दुसरे गृहीत धरतो आणि कार्यालयातला तपासनीस तिसरेच लावतो. म्हणून पुढचे विवेचन बहुतांशी त्या दोन रेषांभोवतीच फिरते.

समास कशासाठी

नियमामागचा हेतू माहीत असणे ही केवळ कुतूहलाची बाब नाही. नियमातून सवलत मागायची वेळ आली, तर ‘हेतू साधला जात असताना अंतर थोडे कमी केले तर चालेल का’ हाच प्रश्न सुनावणीत केंद्रस्थानी असतो, आणि हेतूच माहीत नसेल तर अर्जात लिहिणार काय?

सर्वांत जुना हेतू आगीचा आहे. १६६६ साली लंडनमध्ये लागलेली आग लाकडी घरांच्या दाटीमुळे गल्लीतून गल्लीत पसरत गेली, आणि पुढच्याच वर्षी शहराच्या पुनर्बांधणीसाठी केलेल्या कायद्याने विटांचे किंवा दगडाचे बांधकाम सक्तीचे केले व रस्त्यांच्या रुंदीचाही विचार केला. आजही हा धागा नियमांमध्ये स्पष्ट दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घराची बाहेरची भिंत हद्दीपासून ९०० मिलिमीटरपेक्षा जवळ असेल, तर ती ६० मिनिटे आगीला तोंड देईल अशी बांधावी लागते. म्हणजे अंतर कमी करायचे असेल, तर त्या अंतराचे काम भिंतीने करावे, असा हा हिशोब आहे.

दुसरा हेतू उजेड, वारा आणि खासगीपणा हा आहे. इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्यात अनेकांची फसगत होते. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा हक्क हा नियोजनाच्या नियमांपेक्षा वेगळा, खासगी स्वरूपाचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने आणि भारतात १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने, वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेडावर इमारतमालकाला हक्क मिळू शकतो. त्यामुळे प्राधिकरणाने आपल्याला हद्दीजवळ बांधायला परवानगी दिली, एवढ्याने शेजाऱ्याचा असा हक्क संपत नाही. तो दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथे मंजूर नकाशा दाखवून सुटका होईलच असे नाही.

तिसरा हेतू रस्त्याचा. पुढचे अंतर बहुधा सर्वांत जास्त ठेवलेले असते, कारण उद्या रस्ता रुंद करायचा झाला तर घरे पाडावी लागू नयेत, वळणावर समोरून येणारे वाहन दिसावे आणि रस्त्याचा धूळ-गोंगाट थोडा दूर राहावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली गोरीब विरुद्ध फॉक्स या खटल्यात हीच कारणे ग्राह्य धरली होती. व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक या शहराचा नियम असा होता, की नव्या इमारतीने त्या पट्ट्यातल्या ६० टक्के जुन्या घरांनी राखलेल्या रेषेइतके तरी मागे राहावे. एका मालकाला थेट रस्त्याच्या कडेला बांधायचे होते. शहराच्या परिषदेने त्याला पावणेपस्तीस फुटांच्या किंचित आत, म्हणजे ३४ फूट ८ इंच मागे सरकून बांधण्याची परवानगी दिली. तो न्यायालयात गेला आणि हरला. या निकालातला आजच्या घर बांधणाऱ्याला उपयोगी पडणारा भाग दुहेरी आहे. असे अंतर सक्तीने राखायला लावणे वैध आहे, हे तर न्यायालयाने सांगितलेच. पण विशिष्ट प्रकरणात अपवाद करण्याचा अधिकार परिषदेने आपल्याकडे ठेवला म्हणून नियम बाद होत नाही, हेही मान्य केले. कडक नियम आणि त्यातली वाट हे दोन्ही सुरुवातीपासून बरोबरच नांदत आले आहेत.

पहिली रेषा : हद्द

कुंपण म्हणजे हद्द नव्हे. हे वाक्य प्रत्येक घर बांधणाऱ्याने पाया खोदण्याआधी एकदा तरी मोठ्याने वाचावे, असे मला वाटते. कुंपण कोणी तरी कधी तरी सोयीने घातलेले असते: झाड वाचवण्यासाठी थोडे आत, चढ टाळण्यासाठी थोडे बाहेर, किंवा गवंड्याने दोरी ताणली तिथे. कायद्याच्या दृष्टीने हद्द ही अभिलेखातल्या मोजमापांतून आणि जमिनीवरच्या अधिकृत खुणांवरून ठरते, आणि ती शोधून देण्याचे काम अधिकृत भूमापकाचे आहे. मोजणीचा खर्च घराच्या एकूण खर्चात फारच किरकोळ असतो. पण मोजणी न केल्यामुळे झालेल्या चुकीचा खर्च तसा राहत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. कागदावर भूखंडाची रुंदी १२ मीटर आहे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचे आहे. उरले ९ मीटर. आर्किटेक्टने विटांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत बरोबर ९ मीटरचे घर काढले. प्रत्यक्ष मोजणीत भूखंड ११.९४ मीटरच भरला. शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेरून वीस-वीस मिलिमीटर गिलावा झाला, म्हणजे घर ९.०४ मीटर झाले. बांधता येण्याजोगी जागा ८.९४ मीटर आणि घर ९.०४ मीटर: दहा सेंटीमीटरचा भंग झाला, आणि तोही कोणी लबाडी न करता. या गोष्टीत कोणाची मोठी चूक नाही, हेच तिचे वैशिष्ट्य आहे. प्रत्येकाने आपापल्या जागी थोडेसे गृहीत धरले आणि सगळी गृहीते एकाच बाजूला जमा झाली. म्हणून अनुभवी आर्किटेक्ट नियमाच्या आकड्याला चिकटून घर काढत नाहीत. पाच-दहा सेंटीमीटर पदरी राखून ठेवतात.

भूखंड काटकोनी नसेल तर प्रश्न आणखी वाढतो. अंतर हे हद्दीला काटकोनात, म्हणजे सर्वांत कमी भरेल असे मोजतात आणि भिंतीच्या प्रत्येक बिंदूपाशी ते पुरेसे असावे लागते. हद्द घराच्या भिंतीशी केवळ एक अंश तिरकी असली, तर १५ मीटर लांबीच्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ २६ सेंटीमीटरचा फरक पडतो. एक अंश डोळ्याला दिसत नाही. तपासनिसाच्या टेपला मात्र २६ सेंटीमीटर दिसतात. पुढच्या कोपऱ्यात अंतर बरोबर आहे म्हणून मागच्या कोपऱ्यातही असेल, असे धरून चालणे म्हणूनच धोक्याचे आहे.

रस्त्याच्या बाजूला पहिली रेषा कोणती, हा आणखी एक चकवा. काही नियम भूखंडाच्या हद्दीपासून मोजतात, काही रस्त्याच्या मध्यरेषेपासून, आणि रस्ता रुंदीकरण प्रस्तावित असेल तर अनेक ठिकाणी भविष्यातल्या रस्त्याच्या कडेपासून मोजतात. या शेवटच्या प्रकारात दगा असतो, कारण ती रेषा जमिनीवर कुठेच दिसत नाही. ती फक्त विकास योजनेच्या नकाशावर असते. रस्ता आज सहा मीटरचा आहे आणि योजनेत तो नऊ मीटरचा दाखवला आहे. त्यातले दीड मीटर आपल्या बाजूने जाणार असतील, तर पुढचे सामासिक अंतर त्या दीड मीटरनंतर सुरू होते. कोपऱ्याच्या भूखंडावर दोन रस्ते असतात आणि तिथे दोन्ही बाजू ‘पुढच्या’ मानायच्या, की एक पुढची व एक बाजूची, हे नियमावलीनुसार बदलते. कोपऱ्याचा भूखंड घेताना लोक ऐसपैसपणासाठी जास्त पैसे मोजतात आणि नंतर बांधायला मधल्या भूखंडापेक्षा कमी जागा उरली म्हणून खंतावतात; खरेदीपूर्वी हा एक प्रश्न विचारला असता तर ती खंत टळली असती.

हद्दीच्याच जोडीला काही अदृश्य पट्टे असतात: मलवाहिनी, जलवाहिनी किंवा उच्चदाबाची वीजवाहिनी यांच्यासाठी राखलेला, ज्यावर बांधकाम चालत नाही असा भाग, नदी-नाल्याच्या पूररेषेचे बंधन, आणि ज्या वसाहतीत भूखंड आहे तिच्या विक्रीकरारात घातलेल्या खासगी अटी. मूळ विकासकाने ‘पुढे पाच मीटर मोकळे सोडावे’ अशी अट खरेदीखतात घातली असेल, तर नियोजनाच्या नियमात तीन मीटर असले तरी त्या अटीतून प्राधिकरण आपल्याला मुक्त करू शकत नाही. दोन बंधने एकाच पट्टीवर लागू असतील, तर व्यवहारात जे जास्त कडक तेच पाळावे लागते.

दुसरी रेषा : इमारत

भिंतीपर्यंत मोजायचे, हे सांगायला सोपे आहे. पण भिंत म्हणजे काय? विटांची कड, की गिलाव्याची, की वरून लावलेल्या दगडी फरशीची? नियम बहुधा पूर्ण झालेल्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत मोजतात आणि म्हणूनच दर्शनी भागाला नंतर सुचलेला दगड ही निरुपद्रवी सजावट राहत नाही. पुढे आलेल्या भागांचे प्रत्येक नियमावलीचे आपले वेगळे कोष्टक असते. खिडकीवरचा छज्जा, छपराची वळचण आणि पन्हळ ठरावीक मर्यादेपर्यंत सामासिक अंतरात आलेली चालते. बाल्कनी कधी चालते, कधी नाही. बाहेरचा जिना, पोर्च, जनरेटरची खोली, वातानुकूलन यंत्राचा चौथरा, भूमिगत टाकी या प्रत्येकाचा नियम वेगळा असू शकतो. छपरावरचे पाणी मात्र कुठेही शेजाऱ्याच्या आवारात पडता कामा नये. पागोळ्यांवरून झालेली भांडणे भिंतीवरून झालेल्या भांडणांइतकीच जुनी आहेत.

उंचीचा संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच नियमावल्यांत बाजूचे अंतर हा एक ठरीव आकडा नसतो. भिंत जितकी उंच तितकी ती हद्दीपासून लांब, असे सूत्र असते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात दीर्घकाळ वापरले गेलेले सूत्र पाहा: ३.६ मीटर उंचीपर्यंत एक मीटर अंतर, त्यापुढे ६.९ मीटरपर्यंत प्रत्येक वाढीव मीटरला ०.३ मीटर, आणि ६.९ मीटरच्या वर प्रत्येक मीटरला पूर्ण एक मीटर. या हिशोबाने सहा मीटर उंचीच्या भिंतीला १.७२ मीटर सोडावे लागतात, पण आठ मीटर उंचीच्या भिंतीला ३.०९ मीटर. भिंत दोन मीटरने वाढली आणि अंतर जवळजवळ दीड मीटरने वाढले. इंग्लंडमध्ये जुन्या घराला, स्वतंत्र अर्ज न करता, जो विस्तार करता येतो त्यात वळचणीची उंची हद्दीपासून दोन मीटरच्या आत तीन मीटरपेक्षा जास्त चालत नाही. तत्त्व तेच आहे. शिवाय उताराच्या जमिनीवर उंची कुठल्या पातळीपासून मोजायची हा प्रश्न येतोच. नैसर्गिक जमिनीपासून मोजायची असेल, तर भराव टाकून जोते उंच केले की भिंतीची नियमातली उंचीही वाढते आणि तिच्याबरोबर अंतरही.

नकाशा परत आल्यावर

नामंजुरीचे पत्र हातात पडल्यावर पहिले काम रागावण्याचे नसून वाचण्याचे आहे. पत्रात कोणत्या नियमाचा, कोणत्या बाजूला, किती भंग झाला आहे हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते लेखी विचारून घ्यावे. तोंडी सल्ला उपयोगी असतो, पण टेबलामागची व्यक्ती बदलली की तो हवेत विरतो. त्यानंतर नकाशावर त्या एका बिंदूचे अंतर दोन्ही बाजूंनी, म्हणजे कार्यालयाच्या आणि आपल्या पद्धतीने, मोजून पाहावे. पुष्कळ प्रकरणे इथेच संपतात. कारण भंग नसतोच, नकाशावर हद्दीची रेषा चुकीची काढलेली असते किंवा छज्जा भिंत म्हणून दाखवलेला असतो.

भंग खरा असेल, तर दोनच रस्ते आहेत: घर बदलणे किंवा नियमातून सवलत मागणे. माझे स्पष्ट मत असे, की पहिला रस्ता पूर्ण तपासून पाहिल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये. सवलतीच्या अर्जात महिने जातात, निकालाची खात्री नसते आणि अर्ज फेटाळला तर शेवटी घर बदलावेच लागते. बदल म्हणजे दर वेळी खोली गमावणे असेही नाही. संपूर्ण नकाशा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा केला, तर जिन्याची उंच भिंत मोकळ्या बाजूला जाते आणि मोटारीच्या शेडची बुटकी भिंत अडचणीच्या बाजूला येते. उंचीशी बांधलेल्या सूत्रात फक्त वरचा मजला अर्धा मीटर आत घेतला की पुरते. तळमजल्याला हात लावावा लागत नाही. उतरते छप्पर अडचणीच्या हद्दीकडे उतरवले, तर त्या बाजूच्या भिंतीची उंची कमी होते. तिरक्या हद्दीवर मागची भिंत पायरीपायरीने आत घेतली, तर आयताकृती घराच्या एका कोपऱ्यासाठी सगळे घर सरकवावे लागत नाही. आणि जोते वीस सेंटीमीटरने खाली आणणे शक्य असेल, तर कधी कधी तेवढ्यानेच काम होते. अर्थात त्याआधी पावसाळ्यात पाणी कुठून येते हे पाहिलेले असावे. सेटबॅकची अडचण सोडवून पाणी घरात घेणे हा काही फायद्याचा सौदा नाही.

सवलतीचा अर्ज

सवलत ही मालकाच्या इच्छेला दिली जात नाही. ती जागेच्या अडचणीला दिली जाते. अमेरिकी सरकारने १९२० च्या दशकात राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना कायद्यात, नियम जसाच्या तसा लावल्याने ‘अनावश्यक हालअपेष्टा’ होत असतील तर अपवाद करता यावा, असे तत्त्व घातले होते आणि वेगवेगळ्या शब्दांत ते आता जगभर दिसते. त्यातला कळीचा मुद्दा असा, की अडचण त्या भूखंडाची स्वतःची असली पाहिजे: तो फारच अरुंद आहे, त्रिकोणी आहे, मध्ये खडक आहे, जुने संरक्षित झाड आहे, किंवा रस्त्यात जमीन गेल्याने तो आखूड झाला आहे. ‘आम्हाला चौथी शयनखोली हवी आहे’ हे कारण कितीही खरे असले, तरी ते भूखंडाचे कारण नाही. तसेच अडचण आपणच निर्माण केलेली असेल, उदाहरणार्थ मोठ्या भूखंडाचे तुकडे करून उरलेला अरुंद तुकडा आपणच ठेवला असेल, तर ती सहसा ऐकली जात नाही.

अर्ज लिहिताना नियमाच्या हेतूंचा एकेक करून विचार करावा. आगीचा हेतू असेल, तर त्या बाजूला खिडक्या नसलेली अग्निरोधक भिंत देऊ करावी. उजेडाचा असेल, तर वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवशी सावली कुठे पडते याचा आराखडा जोडावा. शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत ती पोहोचत नाही हे रेषांनी दाखवले की पानभर युक्तिवादाची गरज उरत नाही. खासगीपणाचा असेल, तर खिडकीचा उंबरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर घ्यावा किंवा धुरकट काच लावावी. रस्त्याच्या बाजूची सवलत मागताना रांगेतली बाकीची घरे कुठे उभी आहेत हे मोजून नकाशावर काढावे. रोआनोकच्या नियमात होते तसे अनेक नियम अजूनही ‘सभोवतालची रेषा’ हा निकष मानतात, आणि दोन्ही बाजूंची घरे साडेतीन मीटरवर असतील तर आपल्याला पाच मीटर मागे ढकलण्यात रस्त्याच्या देखाव्यालाही काही लाभ होत नाही. मागणी शक्य तितकी लहान ठेवावी. संपूर्ण भिंतीसाठी सवलत मागण्याऐवजी दीड मीटर लांबीच्या एका कोपऱ्यासाठी मागितली, तर देणाऱ्यालाही देणे सोपे जाते.

शेजाऱ्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. बहुतेक व्यवस्थांत सवलतीच्या अर्जाची सूचना लगतच्या मालकांना जाते आणि त्यांना हरकत घेता येते. कार्यालयाची नोटीस दारात पडल्यावर शेजाऱ्याला प्रथमच कळले, तर हरकत येणारच असे समजावे; माणसाला भिंतीपेक्षा आपल्याला विचारले नाही याचाच राग अधिक येतो. म्हणून अर्जाआधी नकाशा घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांची कोणती खिडकी, कोणते अंगण अडते ते त्यांच्याच जागेत उभे राहून पाहावे आणि जमेल तो बदल करावा. त्यांनी लेखी संमती दिली तर ती अर्जाला जोडावी. मात्र संमती म्हणजे परवानगी नव्हे. नियम केवळ आजच्या शेजाऱ्यासाठी नसून उद्या तिथे येणाऱ्यासाठीही असतो, म्हणून संमती असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि उलट हरकत असूनही मंजूर होऊ शकतो.

निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची तरतूद असते आणि तिची मुदत निकालपत्राच्या तारखेपासून मोजली जाते. मुदत चुकवणे ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. अपिलात नवीन कारणे सुचण्याची वाट पाहू नये. मूळ अर्जातच सगळे पुरावे असावेत, कारण पुष्कळ ठिकाणी अपील हे मूळ कागदांवरच चालते.

भिंत उभी राहिल्यावर

मंजूर नकाशा हाती आला, म्हणजे अंतर सुरक्षित झाले असे नाही. कागदावरचे घर जमिनीवर आखण्याचा दिवस, ज्याला जागेवर लाइनआउट म्हणतात, तो खरा निर्णायक दिवस. आखणी कुंपणाच्या आधाराने न करता भूमापकाने रोवलेल्या खुणांच्या आधाराने करावी, दोन्ही कर्ण मोजून काटकोन तपासावा आणि पाया खोदण्यापूर्वी मंजूर नकाशावरच्या प्रत्येक अंतराची नोंद घ्यावी. जोते तयार झाले की पुन्हा मोजावे. अनेक प्राधिकरणे जोत्याची तपासणी याच कारणासाठी करतात: त्या पातळीवर चूक सापडली तर चार रांगा विटा उतरवाव्या लागतात, स्लॅबनंतर सापडली तर काय उतरवावे लागेल हे सांगायला नको.

चूक कधीही लक्षात आली तरी पहिली गोष्ट म्हणजे त्या बाजूचे काम थांबवणे. ‘आता एवढे झालेच आहे, तर पूर्ण करून टाकू, नंतर दंड भरू’ हा सल्ला जागेवर हमखास मिळतो आणि तो वाईट सल्ला आहे. चूक कळल्यानंतर पुढे बांधलेली प्रत्येक वीट ही अनवधानाने झालेली चूक राहत नाही. ती जाणूनबुजून केलेली ठरते आणि सुनावणीत सहानुभूतीचा आधार निघून जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मेरठमधल्या अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणात निकाल देताना, काळ लोटला किंवा पैसे गुंतले म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असे बजावले. त्याच निकालात बँकांनीही पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच इमारत तारण घेऊन कर्ज द्यावे, असा निर्देश आहे. म्हणजे पाडकामाची नोटीस कधी आलीच नाही, तरी घर विकताना किंवा गहाण ठेवताना तो दहा सेंटीमीटरचा प्रश्न उभा राहू शकतो.

काही काळ गप्प राहिले की कारवाईची मुदत निघून जाईल, ही आशाही काही जण बाळगतात. अशी मुदत काही देशांत खरोखर असते; इंग्लंडमध्ये घरांसाठी ती पूर्वी चार वर्षांची होती आणि एप्रिल २०२४ पासून पूर्ण होणाऱ्या बांधकामांसाठी ती दहा वर्षांची झाली. तिथल्या सरे परगण्यात एका शेतकऱ्याने परवानगीविना बांधलेले घर गवताच्या गंज्यांमागे लपवले, कुटुंबासह चार वर्षे त्यात काढली आणि २००६ मध्ये गंज्या हटवल्या. प्रकरण हरितपट्ट्याचे होते, सामासिक अंतराचे नव्हते. पण न्यायालयाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. गंज्या रचणे आणि काढणे हा बांधकामाचाच भाग आहे, सबब त्या निघेपर्यंत बांधकाम पूर्ण झालेच नव्हते, असे ठरले. मुदत सुरूच झाली नव्हती. २०१६ मध्ये ते घर पाडावे लागले.

मग उरलेले मार्ग कोणते? भंग लहान असेल आणि कायद्यात तशी तरतूद असेल, तर शुल्क किंवा दंड भरून नियमितीकरण होऊ शकते. त्यासाठी हेतूंचा तोच हिशोब पुन्हा मांडावा लागतो. दर्शनी दगड, छज्जा, जिना असा काढता येणारा भाग असेल, तर तो काढणे बहुधा सर्वांत स्वस्त पडते. कधी कधी उपाय घरात नसून जमिनीत असतो: शेजाऱ्याकडून अरुंद पट्टी विकत घेऊन हद्द सरकवता येते, म्हणजे भिंत जागीच राहते आणि पहिली रेषा बदलते. मात्र त्यामुळे शेजाऱ्याच्या घराचे अंतर नियमापेक्षा कमी होत नाही ना, हे आधी पाहावे लागते आणि हद्दीतला बदल अभिलेखात व मोजणी नकाशावर रीतसर नोंदवावा लागतो. दोघांनी आपसात कागद करून कपाटात ठेवला, तर प्राधिकरणाच्या लेखी हद्द जुनीच राहते. भिंत आपल्या हद्दीत नसून शेजाऱ्याच्या जमिनीवर गेली असेल, तर मात्र तो सामासिक अंतराचा प्रश्न उरत नाही. ते अतिक्रमण आहे, प्राधिकरणाची कोणतीही सवलत ते बरे करू शकत नाही आणि तिथे वकिलाकडेच गेले पाहिजे.

घर पूर्ण झाल्यावर भूमापकाकडून भिंतींची प्रत्यक्ष अंतरे दाखवणारा शेवटचा नकाशा करून घ्यावा आणि तो मोजणीचा मूळ नकाशा, जोत्याच्या तपासणीचा शेरा, शेजाऱ्यांची संमतीपत्रे व सवलतीचा आदेश यांच्यासोबत ठेवावा. सवलतीच्या आदेशातल्या अटी पुढच्या मालकालाही लागू राहतात, हे त्या फाइलवर ठळक लिहिलेले बरे. पंधरा वर्षांनी मुलांना मागच्या बाजूला एक खोली वाढवायची झाली, तर त्यांना पहिल्यांदा लागणार आहेत ते याच फाइलमधले आकडे.